समुद्र कोणाचा? भाग ६ : बारा मैलांपलीकडचे पाणी

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी दोन ठिकाणी येते. राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर नुसतीच ‘मत्स्यव्यवसाय’ म्हणून, आणि संघसूचीत ५७ व्या क्रमांकावर ‘प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी’ म्हणून. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, पाणी राज्याच्या अखत्यारीत. इंदूरच्या बडा गणपतीहून महूला जायला जेवढा रस्ता लागतो, जवळपास तेवढेच. त्यापुढे २०० मैलांपर्यंतची मासेमारी केंद्राकडे, म्हणजे त्यात मालवणकराइतकाच इंदूरकराचाही वाटा. आपल्याकडे मासळी बर्फातून येते म्हणून हे भांडण परक्याचे ठरत नाही.

भांडण मुळात आहे ते रापण आणि पर्ससीन यांचे. रापणीत होडी जाळे सोडत सोडत पाण्यात अर्धवर्तुळ घेते आणि किनाऱ्याला परत लागते. दोन्ही टोकांचे दोर वाळूवरची माणसे ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. इथे मासळीच्या मागे कोणी जात नाही. बांगडा, तारली किनाऱ्याकडे आली तरच रापणीला काही लागते.

पर्ससीनवाला मासळीची वाट पाहत नाही. थवा दिसला की नौका त्याच्याभोवती फिरून जाळ्याची भिंत उभी करते. मग तळाशी कड्यांतून ओवलेला दोर खेचला, की बटव्याचे तोंड आवळावे तसा जाळ्याचा तळ बंद होतो. थवाच्या थवा आत, त्यात पिल्लेही. एलईडीने त्यावर कडी केली. काळोख्या रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे, उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. पुष्कळदा दिवे एका नौकेवर आणि जाळे दुसऱ्या नौकेवर असते. पकडले तर एकाकडे जाळे सापडत नाही, दुसऱ्याकडे दिवा. कायद्याला बगल कशी द्यावी, हे यांच्याकडून शिकावे!

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, बंदरांत संघर्ष झाले. सरकारने डॉ. सोमवंशी यांची समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एकच जाळे ओढणे) बंद केले. २०२१ मध्ये राज्याने सागरी मासेमारीचा १९८१ चा कायदा दुरुस्त करून एलईडीवाल्याला ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला.

पर्ससीनवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. नौकेवर कर्ज असते, खलाशांची घरे त्यावर चालतात, आणि मासळी घटण्याला प्रदूषण, तापते पाणी अशी इतरही कारणे आहेत. पण ‘आम्ही बारा मैलांबाहेर मारतो’ हा त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. बांगड्याला कुठे ठाऊक असते बारावा मैल कुठे संपतो! बाहेर थवाच उचलला तर आत येणार काय? तमिळनाडूतल्या पर्ससीनबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेशाने बारा मैलांबाहेर पर्ससीनला मुभा दिली, पण आठवड्यातले दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, तेही दिवसाउजेडी.

दुसरीकडे, मालवणचे हेच पारंपरिक मच्छीमार सागरी अभयारण्याच्या विरोधात वर्षानुवर्षे उभे राहिले. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र संरक्षित जाहीर झाले, पण स्थानिकांना विश्वासात घेतले गेले नाही. आपलीच होडी अडवतील ही भीती बसली आणि ती अजून पुरती गेलेली नाही. समुद्र वाचवण्याची मागणी करणारे आणि ‘संरक्षित क्षेत्र’ म्हटले की बिथरणारे लोक इथे एकच आहेत. त्यांना विसंगत म्हणणे सोपे आहे. मला वाटते, नकाशावर रेघ ओढणाऱ्याने आधी बंदरावर जाऊन बसायला हवे होते.

केंद्राच्या पाण्यावरून लढाई जिंकल्याचाही दाखला आहे. १९९१ च्या खोल समुद्र धोरणाने परदेशी भागीदारीतल्या नौकांना दार उघडले. गोव्यात रापणकारांच्या चळवळीतून पुढे आलेले मातानी साल्ढाणा ज्या राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे पहिले अध्यक्ष होते, तिने थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखाली देशभर संप आणि उपोषणे केली. मुरारी समितीने १९९६ मध्ये त्या नौकांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने ती मान्य केली. बारा मैलांबाहेरचे धोरण संपाने बदलले, ते दिल्लीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या पाण्यासाठी नवे नियम जाहीर केले. यांत्रिक नौकांना प्रवेश-पास लागणार, एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर बंदी कायम. महाराष्ट्राने जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन उडवायला घेतले आहेत, पण राज्याच्या कायद्याची हद्द बाराव्या मैलाला संपते. त्यापुढे तपासणी कोण, किती वेळा करते, हा संसदेत विचारण्याजोगा प्रश्न आहे आणि तो विचारायला खासदार किनाऱ्याचाच असावा लागत नाही.

पुढच्या भागात : सातपाटीचे पापलेट आणि लहान आसाची जाळी.