जवळचे नातेवाईक कोण?

रुग्णालयात दाखल होताना भरावयाच्या अर्जात ‘जवळचे नातेवाईक’ असा एक रकाना असतो. एरवी घाईत भरला जाणारा हा रकाना करोनाच्या साथीत काही वृद्धांसाठी फार अवघड प्रश्न ठरला. अविवाहित, निपुत्रिक, जोडीदार गमावलेले, सर्व भावंडांच्या मागे उरलेले, अशांनी तेथे नाव लिहायचे तरी कोणाचे? साथीतील एकाकीपणाची आपल्याकडे चर्चा झाली ती बहुधा मुले परदेशी असलेल्या आईवडिलांची. ज्यांना मुलेच नाहीत, त्यांचा एकाकीपणा निराळा होता आणि त्याची कारणेही निराळी होती.

एकटे राहणे म्हणजे एकाकी असणे नव्हे. भारतातील वृद्धत्वविषयक राष्ट्रीय पाहणीच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ६० वर्षांवरील सुमारे ६ टक्के व्यक्ती एकट्या राहत असल्याचे आढळले. टक्केवारी लहान दिसते. पण २०११ च्या जनगणनेतच या वयाची लोकसंख्या १० कोटींहून अधिक होती. या सर्वांना एकाकी म्हणणे चुकीचे ठरेल. त्यातही जी माणसे आयुष्यभर एकटी राहिली, ती आपला दिवस कसा भरून काढायचा हे इतरांपेक्षा आधी शिकलेली असतात. सकाळी दारात पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला, स्वयंपाकाच्या बाई, वाचनालयातील ओळखीचे कर्मचारी, बागेतला कट्टा, देवळातले भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक. यांतले कोणीही नातेवाईक नसते. पण एखाद्या दिवशी दार उघडले नाही, तर ते सर्वांत आधी याच मंडळींच्या लक्षात येते.

२५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीने नेमके हेच जाळे तोडले. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे, अशी सूचना निघाली. अनेक गृहनिर्माण संस्थांनी घरकामाच्या बायकांना फाटकातच अडवले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने वृत्तपत्रे घरोघरी टाकण्यावर बंदी घातली. ती लवकरच शिथिल झाली, तरी मुंबई-पुण्यासाठी आणखी काही आठवडे कायम राहिली. वाचनालये उघडण्यास ऑक्टोबरच्या मध्यावर परवानगी मिळाली आणि देवळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. म्हणजे जवळजवळ आठ महिने! ज्याच्या घरात चार माणसे होती, त्याची या काळात गैरसोय झाली. ज्याचे घर दाराबाहेर पसरलेले होते, त्याचे घरच गेले.

संसर्ग रोखण्यासाठी हे निर्बंध आवश्यक नव्हते, असे येथे म्हणायचे नाही. वृद्धांना या विषाणूचा धोका सर्वाधिक होता. मात्र नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: कुटुंब. आत राहणारे ते आपले, बाहेरचे ते परके. इंग्लंडने १३ जून २०२० पासून एकट्या प्रौढ व्यक्तीला दुसऱ्या एका कुटुंबाशी जोडून घेण्याची, त्यांच्या घरी मोकळेपणाने जाण्याची मुभा दिली. ते दुसरे घर नात्याचेच असावे, अशी अट नव्हती. आपल्याकडच्या नियमावलीत अशा व्यवस्थेचा विचार झाला नाही. लसीकरणातही तेच. ६० वर्षांवरील नागरिकांसाठी ते १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. मोबाइलवरून नाव नोंदवून द्यायला घरात नातवंड नसेल, तर केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहायचे. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देण्याची मोहीम मुंबईत जुलैअखेर उजाडली, तीही उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर.

हा केवळ हळव्या मनाचा प्रश्न नाही. ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात एकाकीपणाचा संबंध अकाली मृत्यूच्या सुमारे २६ टक्के, तर सामाजिक विलगतेचा सुमारे २९ टक्के वाढीव धोक्याशी आढळला. आजारी माणूस एकटा पडतो, हेही खरे असल्याने कार्यकारणभाव सरळ नाही. तरीही औषध वेळेवर घेतले का, चेहरा उतरला आहे का, हे विचारणारे कोणी नसण्याचा परिणाम समजण्यास वैद्यकशास्त्राची गरज पडू नये.

कायद्याने निपुत्रिकांचा विचार काही प्रमाणात केला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अपत्यहीन वृद्ध व्यक्ती, तिची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाहक्काने मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडे निर्वाहखर्च मागू शकते. पण मालमत्ता नसेल तर? आणि निर्वाहखर्चाच्या आदेशाने सायंकाळी कोणी फोन करत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत अधिक उदार आहे. मानसिक आजारावरील उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमताना रक्ताच्या नात्याची अट तेथे नाही. शेजारी किंवा मित्र चालतो. इतर आजारांसाठीच्या अर्जांतही अशा व्यक्तीचे नाव आधीच नोंदवून ठेवण्याची सोय व्हायला हवी.

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. परंतु मदतवाहिनीला आधी फोन लावावा लागतो आणि खरी अडचण फोन न करणाऱ्यांची असते. त्यासाठी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि नेहमीचे डॉक्टर कोण, एवढी माहिती त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवली, तरी पुष्कळ काम होईल. वर्गणीच्या थकबाकीची यादी आपण नाही का काटेकोरपणे ठेवत?