एपिसोडचा मजकूर : पक्षी बघायचेत? आधी भरतीची वेळ बघा

मागे जो गलका ऐकू येतोय ना, तो साउंड इफेक्ट नाहीये. नवी मुंबईत, डीपीएस तलावाच्या काठावर रेकॉर्ड केलाय. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र एकही दिसला नव्हता. जानेवारीतला रविवार, नवी कोरी दुर्बीण, टी. एस. चाणक्यच्या मागे खाडीकाठी अकरा वाजता हजर. समोर नुसतं पाणी! तासभर थांबलो, दोन खंड्या आणि एक घार. परत निघालो तर होडीशी काहीतरी ठोकठाक करणारे एक मामा म्हणाले, "पाणी भरलंय ना आता. पक्षी उभे कुठे राहणार? तलावावर जा."

एवढंच. पण सगळा एपिसोड त्या एका वाक्यावर आहे.

ओहोटीला ठाण्याच्या खाडीत मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. तेच पक्ष्यांचं ताट. छोटा रोहित त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. डोकं चक्क उलटं करून चोच पाण्यात बुडवतो, जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे करतो, पाणी बाहेर आणि शेवाळ आत. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. मोठ्या रोहितची गाळणी जरा जाड, तो कोळंबीसारखे बारके जीव आणि अळ्याही खातो. ओळखायचं कसं? चोच बघा. छोट्याची गडद लाल, लांबून जवळजवळ काळीच दिसते. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. आणि करडी, मळकट दिसणारी असतात ती पिल्लं. त्यांना आजारी समजू नका, मी समजलो होतो.

आता भरती आली की ताट पाण्याखाली. रोहितचे पाय लांब, तो थोडा वेळ तग धरतो. तुतवारासारख्या बुटक्यांना लगेच उठावं लागतं. मग हे सगळे जवळच्या उथळ तलावात येऊन उभे राहतात. चार-पाच तास विश्रांती, पाणी उतरलं की परत कामावर. शिफ्ट ड्युटीच म्हणा.

ही शिफ्ट कळायला ॲप आहेतच. पण मामांनी सांगितलेला हिशोब मला जास्त आवडला : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या जवळपास. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि एका तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. बी.टेक. करून मी जे ॲपमध्ये बघतो ते हे लोक कॅलेंडरवरून तोंडी करतात! मी महिनाभर ताडून पाहिलं, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं. तिथीवरून आणखी एक कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं, तलाव गच्च भरतो. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी कमी चढतं, बरेच पक्षी खाडीतच राहतात.

म्हणून माझा रूट असा : सीवूड्सला उतरायचं, भरतीच्या तीन तास आधी चाणक्यच्या मागे पोचायचं, चढतं पाणी बघायचं, मग रमतगमत तलावाकडे. वाटेत शेकाट्या, समुद्र बगळे, सुरय भेटतात. नोव्हेंबर ते मे बेस्ट. ड्रोन अजिबात नको, अख्खा थवा उठतो.

आता जरा गंभीर. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत आला. छान. पण अभयारण्य म्हणजे ताट. बसायची जागा त्याच्या बाहेर, कॉम्प्लेक्सच्या मधोमध. आणि हा तलाव पावसावर नाही, भरतीच्या पाण्यावर जगतो. खारफुटीतून पाणी आत यायची वाट बुजली की पाणी साचतं, वर हिरवा थर धरतो, कडा सुकतात. तसा तलाव मी डोळ्यांनी पाहिलाय. उधाणाचा दिवस, थवा आला, दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेला. कुठे गेला असेल? पुढे रस्ते, दिवे, विजेच्या तारा. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या वर विमानाच्या धडकेत तीसहून जास्त रोहित मेले. ते का उडाले होते यावर मी पैज लावणार नाही. पण उतरायला जागा नसलेला पक्षी जास्त उडणार, हे सांगायला डिग्री लागत नाही.

२०२५ मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायचा निर्णय झाला. बोर्ड लागेल, कुंपण येईल. मी मात्र गेलो की पहिल्यांदा पाणी आत येतं ती जागा बघतो. पाणी वाहतंय का, कचरा अडकलाय का. एक फोटो, तारीख आणि भरतीची वेळ. फोनमध्ये फोल्डरच केलाय. तुम्ही गेलात तर तुम्हीही काढा, आणि मला पाठवा. तिथीसकट!