साठीनंतर हाती ब्रेडबोर्ड

ज्यांची उभी हयात सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली, त्यांच्यातील अनेकजण आता निवृत्त झाले आहेत. आपण त्यांपैकी असाल, तर इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जरूर विचारात घ्यावा. मात्र जुना अनुभव येथे निम्माच कामी येतो. पडद्यावर चुकलेली ओळ खोडता येते. जळालेला एलईडी जळालेलाच राहतो. सुदैवाने तो फार स्वस्त असतो.

आरंभ ब्रेडबोर्डवर करावा. त्याच्या भोकांत तारा नुसत्या खोचायच्या असतात. 5 व्होल्टवर तांबडा एलईडी लावताना मध्ये 220 ओहमचा रेझिस्टर घातला, की सुमारे 14 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा सुखरूप उजळतो. या रेझिस्टरवरील पट्टे तांबडा, तांबडा, तपकिरी असे असतात. तिन्ही तांबडे असतील, तर तो 2,200 ओहमचा! मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना हा भेद कळणे कठीण, म्हणून डोळ्यांवर न विसंबता मल्टिमीटरने मोजावे.

हात बसल्यावर रात्री न्हाणीघराच्या वाटेवर आपोआप लागणारा दिवा करावा. अंधारात पडण्याचा धोका त्याने कमी होतो. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर आणि अर्दुइनो एवढ्यावर तो होतो. दिवा किती वेळ जळत ठेवायचा, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. ज्यांच्यासाठी तो करायचा, त्यांना पलंगापासून दारापर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजावे. काठी टेकत चालणारे अर्ध्या वाटेवर असताना दिवा मालवला, तर तो नसलेलाच बरा.

सोल्डरिंग, म्हणजे डाख देणे, यात जो धूर निघतो तो मुख्यतः राळेचा असतो. दमेकऱ्यांनी या धुरापासून दूरच राहावे. इतरांनीही खिडकी उघडी ठेवावी. डाखात शिसे असल्यास काम संपताच हात साबणाने धुवावेत. पेसमेकर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि स्पीकरमधील चुंबक छातीपासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावे. घरातील 230 व्होल्टच्या वायरिंगला हात लावू नये.

घरच्यांनो, काळजीपोटी त्यांच्या हातून सोल्डरिंगची इस्त्री काढून घेऊ नका. एक पक्के टेबल, भरपूर उजेड आणि इस्त्रीसाठी स्टँड द्या. नातवंडे लहान असतील, तर बटणासारखे सेल कुलपात ठेवा. असा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका जरी आली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.