आधी डाव, मग शब्द

‘मॅडम नुसत्या खेळतात हो त्याच्याशी, बोलायला कधी शिकवणार?’ स्पीच थेरपीच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या पालकांत हा प्रश्न हमखास निघतो. अर्ध्यापाऊण तासाचे पैसे मोजायचे आणि आत डोकावलं, तर थेरपिस्टबाई सतरंजीवर बसून साबणाचे फुगे उडवतायत! शंका रास्त आहे. पण कडू गोळी गोड करायला हा खेळ आणलेला नसतो. लहान मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा खेळ हाच उपचार असतो.

फुग्यांचंच बघा. बाई दोन-तीन फुंकरा मारतात, मूल फुगे फोडतं, खिदळतं. मग त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती त्याच्या हातात देतात आणि गप्प बसतात. मूल झाकणाशी झटापट करतं, बाटली आपटतं, शेवटी बाईंकडे बघून बाटली पुढे करतं. शब्द एकही नाही, पण मागणी झाली, नजर मिळाली, समोरचं माणूस कामाचं आहे हे कळलं. बाई ‘उघड!’ म्हणत झाकण काढतात. हाच डाव पुन्हापुन्हा झाला की कधीतरी मुलाच्या तोंडून ‘उ’ निघतो. या साऱ्यात अवघड काम बाईंचं, गप्प राहण्याचं. घरी आपण नेमकं उलटं करतो. ‘फुगा म्हण, म्हण ना फुगा, मग देते’ असा धोशा लावतो. मुलाला ती परीक्षा वाटते आणि ते तोंड मिटून घेतं.

यामागचा विचार जुना आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९४५च्या पुस्तकात खोट्या-खोट्या खेळाचा संबंध मुलाच्या प्रतीकं वापरण्याच्या क्षमतेशी जोडला. त्याआधी १९३३मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीने लेनिनग्राडच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं होतं, की वस्तूपासून अर्थ सुटा करायला ते इथे शिकतं. ठोकळा कानाला लावून ‘हॅलो’ करणारं मूल एका वस्तूच्या जागी दुसरी मानतं, आणि शब्दही तेच करतो. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकारी शेरवुड यांनी १९७६मध्ये आपल्या बुवाकुकसारख्याच खेळाचा अभ्यास मांडला. तोंड झाकायचं, थांबायचं, उघडायचं, हसायचं. सुरुवातीला सगळं आई करते, हळूहळू बाळ स्वतः पदर ओढू लागतं. संभाषणातली पाळी ते इथेच शिकतं.

पुढे हे दवाखान्यांत तपासून पाहिलं गेलं. अमेरिकेत संशोधक कॉनी कसारी यांनी स्वमग्न असलेल्या ५८ मुलांवर अभ्यास केला. काही मुलांसोबत एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्यावर, तर काहींसोबत प्रतीकात्मक खेळावर काम झालं. वर्षभरानंतर या दोन्ही गटांची बोलण्यातली प्रगती तुलनेच्या गटापेक्षा चांगली होती.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा. गोवा आणि रावळपिंडी इथे मिळून ६५ स्वमग्न मुलांवर झालेला ‘पास’ हा अभ्यास २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आला. आईवडील मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग ते सोबत बसून पाहायचं. मूल बोलावत होतं तेव्हा आपण कुठे होतो, हे पालकांना स्वतःच दिसतं. मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकर्मी होते. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकत्र लक्ष देण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. म्हणजे खेळ ही जादूची कांडी नव्हे. पण थेरपिस्ट मोजके आणि मुलं अनेक, अशा आपल्या देशात या अभ्यासाचं मोल मोठं आहे.

महागड्या खेळण्यांचीही गरज नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर दगड, पानं, शिंपले यांतून बालशिक्षण उभं केलंच होतं. भातुकलीचंच घ्या. ‘बाहुलीला भरव’, ‘ताटात वाढ’, ‘पातेल्यातून काढ’ म्हणताना विभक्तीचे प्रत्यय कानावरून जातात. ‘मोठी वाटी, मोठा पेला, मोठं ताट’ मांडताना मराठीची तिन्ही लिंगं हाताखालून जातात.

उच्चाराच्या अडचणींत मात्र नुसता मोकळा खेळ पुरत नाही. ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणणाऱ्या मुलाला ‘क’ घोटवावाच लागतो. खेळामुळे ती घोकंपट्टी सुसह्य होते. दर ‘क’ला एक चेंडू टोपलीत, की पन्नास वेळा म्हणून होतं आणि मूल कुरकुरत नाही.

आणि या सगळ्याआधी कान तपासायला हवेत. तिथेही खेळच कामी येतो. साधारण अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलाला ‘आवाज आला की रिंग खांबात घाल’ एवढंच शिकवतात आणि त्यावरून ऑडिओमेट्री होते. अगदी तान्ह्यांसाठी बेरासारख्या, मुलाने काहीच करावं न लागणाऱ्या श्रवणचाचण्या आहेत. एवढं करूनही काही मुलांना बोलण्याऐवजी चित्रं, खुणा किंवा बोलणारं यंत्र लागेल. तोही संवादच.

‘याचे बाबापण उशिराच बोलले होते’ या दिलाशात अनेक घरांची मोलाची वर्षं जातात. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नये. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत यासाठी नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. मूल बोलावं म्हणून हाती मोबाइल देणं हा मात्र पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको म्हटलंय. पडदा बोलतो खूप, पण उत्तराची वाट बघत नाही.

म्हणून बाकावरच्या पालकांनी प्रश्न जरूर विचारावा, फक्त थोडा बदलून: ‘या खेळातून आज काय साधायचं होतं आणि घरी आम्ही काय करू?’ चांगल्या थेरपिस्टकडे याचं नेमकं उत्तर असतं. ते नसेल, तर मात्र तिथे खरंच नुसतं खेळणं चालू आहे. आणि उत्तर मिळालं, की बाकावरून उठून सतरंजीवर बसायची पाळी आपली. आठवड्यातले दोन तास थेरपीचे, बाकीचे सगळे घरचेच असतात.