पडीक ठरवलेल्या जमिनीचा पक्षी

एखादी प्रजाती धोक्यात आली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात: तिचे नाव वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात जाते आणि नकाशावर एक अभयारण्य आखले जाते. माळढोकाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या, आणि तशा वेळेवरच आल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. १९७९मध्ये महाराष्ट्राने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर केले. हे क्षेत्र गोवा राज्याच्या दुपटीहून मोठे होते. त्याआधी दहा वर्षे, १९६९मध्ये, पक्षीतज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज बांधला होता. आज ही संख्या दीडशेच्या आत आहे आणि उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. कायदा होता, अभयारण्य होते, बंदुकीची शिकारही बरीच आटोक्यात आली होती, तरी पक्षी गेला. याचे कारण वनखात्याच्या ढिलाईत किंवा लोकांच्या अनास्थेत शोधणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. आपण पक्ष्याला संरक्षण दिले आणि तो ज्या जमिनीवर जगतो तिला मात्र सरकारदप्तरी पडीक म्हणत राहिलो, हे त्याहून खोलवरचे कारण आहे.

माळढोकाची सारी जीवनपद्धती मोकळ्या माळाशी बांधलेली आहे. उभा राहिला तर त्याची उंची मीटरभर भरते आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. एवढा मोठा पक्षी झाडावर बसत नाही आणि झाडीत लपतही नाही. त्याचे संरक्षण म्हणजे दूरवर पोचणारी नजर. विणीच्या हंगामात नर ठरावीक उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि लांबवर ऐकू जाणारा घुमारा काढतो. मादीने त्याला दुरून पाहावे म्हणून ही सारी खटपट, तेव्हा मधे गिरिपुष्पाची किंवा निलगिरीची रांग उभी राहिली की तो उंचवटा त्याच्या कामाचा राहत नाही. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने, बहुधा एकच अंडे घालते. ते अंडे कुत्र्याने खाल्ले, गुरांच्या खुरांखाली आले किंवा माणसांच्या वर्दळीने मादी उठून गेली, तर तो हंगाम फुकट गेला. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या प्रजातीत वर्षाला चार-दोन प्रौढ पक्षी जास्तीचे मेले तरी आकडा घसरू लागतो आणि घसरलेला आकडा पुन्हा वर यायला दशके लागतात. एरवी हा पक्षी खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे असे सगळे त्याला चालते, त्यामुळे ज्वारी-बाजरी, भुईमूग, हरभरा घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात तो पिढ्यान् पिढ्या वावरला. कोरडवाहू शेती आणि माळढोक यांचे वैर नव्हते, ही बाब पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवायला हवी.

आता जमिनीकडे वळू. इंग्रजी अमलातल्या महसूल व्यवस्थेत जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा साधा हिशेब होता. राज्यकर्ते गेले, हिशेब राहिला. उपग्रहचित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले तेव्हा गवताळ माळ, खुरट्या झुडपांची राने आणि खडकाळ पठारे मोठ्या प्रमाणावर त्याच यादीत गेली. भारतातल्या अर्धशुष्क प्रदेशातील अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचे एक सविस्तर मापन २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा या परिसंस्थांनी व्यापला आहे, आणि त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. जंगल तोडायचे असेल तर परवानगीची लांबलचक वाट चालावी लागते. पडीक जमिनीचे तसे नसते. तिच्यावर औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, रस्ता, फळबाग किंवा वृक्षलागवड, काहीही केले तरी दप्तरी तो ‘विकास’ ठरतो, कारण आधी तिथे काही नव्हतेच अशी नोंद असते. या सगळ्यांत वृक्षलागवड मला सर्वांत घातक वाटते. बाकीच्यांना निदान कोणीतरी विरोध करतो, झाडे लावणाऱ्याचा मात्र सत्कार होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. माळ हे मुळात तोडलेले जंगलच आहे, माणसाने झाडे तोडली आणि गुरांनी कोवळी रोपे खाल्ली म्हणून तिथे गवत उरले, तेव्हा झाडे लावणे म्हणजे जुने परत आणणेच नव्हे काय? काही ठिकाणी हे खरे असेलही, पण दख्खनच्या माळाला ते सरसकट लागू करता येत नाही. शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीत आणि प्राण्यांच्या जीवाश्म दातांत कार्बनच्या समस्थानिकांचे जे प्रमाण सापडते, त्यावरून भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशी गवते सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती असे दिसते. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूसच नव्हता. जवळच्या काळाचा पुरावा तर आपल्याच भाषेत आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या माळरानांचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकांनी अलीकडेच तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ आणि लोकपरंपरेतल्या ओव्या वाचून त्यांत आलेल्या रानवनस्पतींची नोंद केली. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती बाभळीसारख्या, म्हणजे उघड्या, गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. सोलापूर-पंढरपूरच्या टापूत पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पडतो आणि माती उथळ आहे. तिथे मारवेल, पवना, कुसळी ही गवते हीच मूळ वस्ती. ही गवते कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत साठवतात, त्यामुळे हवामानाच्या नावाखाली माळ नांगरून झाडे लावणे हा व्यवहार त्याच निकषावरही बऱ्याचदा तोट्यात जातो.

नान्नजचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वनखात्याने तिथले काही तुकडे चराईसाठी बंद केले. हेतू मृद्संधारणाचा होता, माळढोक कोणाच्या मनातही नव्हता. गवत वाढले आणि पक्षी त्या तुकड्यांत वीण करू लागले. ऐंशीच्या दशकात असद रहमानी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी माळढोकाचा जो पायाभूत अभ्यास केला, त्यात नान्नजचे हे तुकडे महत्त्वाचे ठरले. विणीला शांत, राखलेले गवत आणि भोवताली खाण्यासाठी कोरडवाहू शेत, एवढीच या पक्ष्याची मागणी होती. आपण मात्र उलटे केले. विणीच्या तुकड्यांभोवती काटेकोर, दाट संरक्षण उभारण्याऐवजी तालुकेच्या तालुके अभयारण्यात घातले. त्यात गावे, बाजारपेठा, रस्ते, खासगी शेते सगळेच आले. जमिनीचे व्यवहार आणि बिगरशेती परवानग्या अडकल्या, आणि ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी माळढोकाला दगड मारला नव्हता त्याच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. याच काळात उजनी धरणाचे पाणी आले, विहिरी खोल गेल्या, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षे उभी राहिली, सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. उसाच्या फडात माळढोकाला चार पावले पलीकडचे दिसत नाही, मग तो तिथे राहील कसा? अभयारण्याच्या अधिसूचनेने शेतकऱ्याला बांधले, पीकबदलाला मात्र तिने हातही लावला नाही.

म्हणून ‘माणूस महत्त्वाचा की पक्षी?’ हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. तो विचारणाऱ्यांच्या बाजूने पुरावा आहे. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातले करेरा अभयारण्य १९८१मध्ये केवळ माळढोकासाठी झाले. जमिनी विकता येईनात, संरक्षणामुळे वाढलेली काळविटे पिके खाऊ लागली, गावकरी विरोधात गेले आणि नव्वदच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. शेवटी २०२२मध्ये अभयारण्यच रद्द करण्यात आले. याउलट राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या सोनखलियाला अभयारण्याचा दर्जा नसताना तिथल्या शेतांत आणि गायरानांत हा पक्षी बराच काळ टिकून होता. या दोन उदाहरणांतून संरक्षण नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. कोणाच्या जमिनीवर, किती आणि कोणत्या बंधनांचे संरक्षण, याचा हिशेब चुकला होता, इतकेच ती सांगतात. सरकारी मालकीचे गवताळ तुकडे कडक राखावेत. भोवतालच्या शेतकऱ्याला बंदी घालण्यापेक्षा त्याने ज्वारी, बाजरी, करडई, हरभरा घेत राहावे म्हणून त्या पिकांना भाव द्यावा. उसाला पाणी, वीज आणि हमी दर अशी तिहेरी ऊब देणाऱ्या राज्याला हे परवडणार नाही असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

दुसरा, याहून अवघड आक्षेप ऊर्जेचा आहे. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये सौर व पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत आणि त्यांच्या उच्चदाब वाहिन्या नेमक्या माळढोकाच्या उड्डाणमार्गांत येतात. आफ्रिकेतील माळढोककुळातल्या पक्ष्यांच्या दृष्टीचा अभ्यास सांगतो की त्यांचे डोळे बाजूंना असतात आणि समोरचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते. उडताना खाली पाहण्यासाठी मान जरा झुकली की समोरचे काहीच दिसत नाही. त्यात वजन इतके की शेवटच्या क्षणी वळताही येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा अभ्यास करून तिथे वीजवाहिन्यांमुळे वर्षाला सर्व जातींचे मिळून अंदाजे ८४,००० पक्षी मरतात असा हिशेब मांडला. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातील वाहिन्या शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४मध्ये तो व्यापक आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. कोळसा जाळणे थांबवायचे असेल तर सौरऊर्जा हवी, आणि तापलेले हवामान माळढोकालाही सोडणार नाही, हा केंद्र सरकारचा मुद्दा खोटा नव्हता. उच्चदाबाची प्रत्येक वाहिनी जमिनीखालून नेणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे, हेही खरे. परंतु हा पेच निसर्गाने घातलेला नाही. प्रकल्पाची जागा ठरवताना माळ ‘रिकामा’ धरला गेला, तिथेच तो घातला गेला. कारखान्यांची छपरे, कालवे, खाणींनी उकरून टाकलेली जमीन, क्षारपड झालेली शेते यांचा विचार आधी झाला असता आणि पक्ष्यांच्या मार्गांचा नकाशा निविदेपूर्वी टेबलावर असता, तर न्यायालयाला पक्षी आणि सूर्य यांच्यात निवाडा करण्याची वेळ आली नसती.

उरला तो सर्वांत रोखठोक प्रश्न: दीडशे पक्षी गेले तर बिघडणार काय? प्रजाती नष्ट होत आल्याच आहेत, हे तर पाठ्यपुस्तकातच आहे. त्या नष्ट होतात, पण लाखो वर्षांच्या कालमानाने. नान्नजचा माळढोक एका माणसाच्या आयुष्यात संपला, आणि तोही माणसाच्या निर्णयांनी. शिवाय तो एकटा जात नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, तणमोर, धाविक, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे यांचे घर तेच आहे. त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात आणि दुष्काळात गावाची गुरे जगतात. माळ गेला की लांडगा मेंढवाड्याकडे वळतो, आणि मग त्याचेही भांडण मेंढपाळाशी सुरू होते. स्वातंत्र्यानंतर भारताने गमावलेला मोठा सस्तन प्राणी चित्ता होता. १९५२मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि तोही मोकळ्या मैदानाचाच प्राणी. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल असे मला वाटत नाही. घनदाट जंगलातल्या वाघासाठी आपण १९७३पासून प्रकल्प राबवला, पैसा ओतला आणि त्याची संख्या वाढवूनही दाखवली. जिथे जमिनीला मोल दिले तिथे प्राणी वाचला, हा धडा आपल्याच देशातला आहे.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९पासून माळढोकाच्या बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम चालू आहे. रानातली अंडी उचलून, उबवून पिल्ले वाढवली गेली. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले आणि केंद्रांतील पक्ष्यांची संख्या चाळिशी ओलांडून गेली. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले आहे. या पक्ष्यांची पुढची पिढी कधीतरी मोकळी सोडावी लागेल, आणि तेव्हा देशात चार-पाच ठिकाणी तरी वाहिन्यांपासून मुक्त, शांत, गवताने भरलेले माळ तयार असावे लागतील. सोलापूर, अहिल्यानगर आणि चंद्रपुरातला वरोरा परिसर ही महाराष्ट्रातली जुनी ठिकाणे त्या यादीत बसू शकतात. त्यासाठी नव्या अभयारण्याची गरज नाही. वनखात्याच्या ताब्यातील गवताळ तुकडे वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांतून वगळावेत, त्यांत लावलेली परकी झाडे काढावीत, आणि महसूल खात्याने माळाची नोंद पडीक जमिनीच्या यादीतून काढून गवताळ परिसंस्था अशी करावी. यातले पहिले काम या पावसाळ्याच्या आधीही होऊ शकते.