हौद्याचा जुना लेप : किती काढावा, किती ठेवावा

विट्याच्या मागांवरचे कोरे कापड कडेगाव-कराडमार्गे साताऱ्याकडे नेणारे आम्ही व्यापारी गाडीचे टायर पाहतो, इंजिन पाहतो. हौद्यात मात्र वाकून पाहत नाही. आमचे नुकसान तेथेच झाले. एका पावसाळ्यात गाठींतील खालच्या ताग्यांवर तांबूस डाग पडले. धुऊन जातील म्हणून माल तसाच ब्लीचिंगला दिला. परत आला तेव्हा डागांच्या जागी बारीक भोके! कापडात लोखंडाचा अंश राहिला की हायड्रोजन पेरॉक्साइड नेमके त्याच जागी जोर करते आणि सूत खाऊन टाकते. चूक आमचीच होती.

पिकअपच्या हौद्यावर फवारलेला पॉलियुरेथेनचा काळा, रबरासारखा लेप वरून चांगला दिसत होता. पण बोल्टांपाशी तो चिरला होता. तेथून पाणी आत शिरे आणि गाडी हलली की तांबडे होऊन बाहेर येई. परतीला खताची पोती भरत असू. पोटॅश खतातील क्लोराइड तर पत्र्याचा वैरीच.

सगळा लेप खरवडावा, असे पुष्कळ जण सांगतात. आमचे मिस्त्री उस्ताद म्हणाले, "शेठ, जो धरून बसलाय त्याला कशाला उठवता?" त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हौदा ठोकत नेला. पोकळ आवाज आला तेथे खडूची खूण. मग चाकूने काप देऊन कड उचलून पाहिली. सोलून आली तेवढाच भाग काढायचा, मात्र खालचा गंज संपेपर्यंत.

काढताना आधी हीट गनने लेप मऊ करावा व पट्टीने उचलावा. थेट ग्राइंडर लावला तर रबर वितळून तारेच्या ब्रशात गुंतते. ब्लो-लॅम्प मुळीच नको. पॉलियुरेथेन जळाले की विषारी धूर निघतो. साधा थिनर या लेपावर चालत नाही, म्हणून काही जण मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर आणतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, हौद्यासारख्या खोलगट जागेत साचते. माणसे दगावल्यामुळे अमेरिकेने 2019 साली असे रिमूव्हर सर्वसामान्य ग्राहकांना विकण्यास बंदी घातली. खालच्या जुन्या रंगात शिसेही असू शकते. आपल्याकडे 2017 पासून दहा लाख भागांत 90 भाग शिशाची मर्यादा आहे, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांना. गाडीच्या रंगांना नाही. तेव्हा पॉलिश पेपर ओला करून घासावा, चांगला मास्क लावावा. कारागीर आपलाच भाऊ आहे.

उघड्या पत्र्यावर फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक लावून, धुऊन, पूर्ण वाळवून दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मारावा. पैसे वाचवायला रेड ऑक्साइड मारू नये. वरच्या लेपातील तेज सॉल्व्हंटने तो उचलतो. शाबूत जुना लेप 80 नंबरच्या पेपरने घासून त्याची चकाकी घालवावी, नाहीतर नवा लेप त्याला धरत नाही. पाणी जाण्याची भोके चिंधीने बंद करावीत आणि काम झाल्यावर आठवणीने उघडावीत. आमच्या गाडीत आधीच्या कारागिराने ती लेपाखालीच बुजवली होती!

हे काम मृगाच्या आधी उरकावे. ओलसर हवेत पॉलियुरेथेनला बुडबुडे येतात. नवा लेप वरून वाळला तरी वास पूर्ण जाईपर्यंत कापड भरू नये, आणि भरताना गाठींखाली लाकडी फळ्या टाकाव्यात.