कारवी फुलत नाही ती वर्षं

फुलपाखरू म्हटलं की आपल्याला रंग आठवतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू निवडलं, तेही ऐटबाज निळं-काळं ब्लू मॉर्मन. आज बोलायचं आहे ते मात्र एका तपकिरी, लहानखुऱ्या फुलपाखराबद्दल. नाव मलबार स्पॉटेड फ्लॅट. इंग्रजीत ज्यांना स्किपर म्हणतात त्या कुळातलं. मराठीत या कुळाला आता ‘चपळ’ म्हणतात, आणि ते नाव चपखल आहे. जाड शरीर, रुंद डोकं, टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या मिशा. उडणं असं, की नजर पोहोचेपर्यंत स्वारी दुसऱ्या झुडपावर! तिथे पानाच्या खालच्या बाजूला, ठिपक्यांचे पंख सपाट पसरून बसायचं, ही त्याची सवय.

याची अळी वाढते कारवीवर. कारवी मावळात कुणाला सांगायला नको. वराळ्याहून लोणावळ्याकडे निघालं की डोंगरउतारांवर ती आहेच. आपल्या वाडवडिलांनी तिच्या काठ्यांचे कुड केले, शेणामातीने लिंपले, त्यात संसार केले. अळीही घरच बांधते. पानाची कड कातरते, तो तुकडा पानावरच दुमडते आणि रेशमाच्या टाक्यांनी पक्का करते. आत राहायचं, खाण्यापुरतं बाहेर यायचं. अंग वाढलं की नवं, मोठं घर.

या कुळातल्या अनेक अळ्या आपली विष्ठा घराबाहेर लांब फेकतात. का बरं? अमेरिकेत मार्था वाईस यांनी तिथल्या एका स्किपरच्या अळ्यांवर प्रयोग केले आणि २००३ साली दाखवून दिलं, की विष्ठेच्या वासाने शिकारी गांधीलमाश्या येतात. म्हणजे ही नुसती टापटीप नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आता मुद्दा. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. २००८ आणि २०१६ साली सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी ती फुलली, तेव्हा बघणाऱ्यांची रीघ लागली. मधल्या वर्षांत त्याच उतारांना आपण काय म्हणतो? ‘नुसतं रान.’ हा ‘नुसतं’ शब्द जपून वापरावा. तो रानाबद्दल काही सांगत नाही. आपली नजर कुठवर पोहोचते, तेवढंच सांगतो. जागा साफ करायची म्हणून कारवी छाटली, की पानांतली घरंही जातात. आणि गेल्याचं दुःखही होत नाही, कारण ती होती हेच आपल्याला ठाऊक नसतं.

तेव्हा पावसाळ्यात डोंगरावर गेलात, तर फुलांची वाट बघू नका. दुमडलेलं पान शोधा. सापडलं तर उघडू मात्र नका. आत कुणीतरी राहत असेल.